एका जोडीला एक माणूस

वुकोमान आणि सिबिन एकमेकांशी बोलेनासे झाले त्याला त्या उन्हाळ्यात अकरा वर्षं झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत दोघांनी एकमेकांशिवाय एकही दिवस रान नांगरलं नव्हतं. दोघांकडे एकेकच बैल. ओसोयेसारख्या उतारावरच्या गावात एका बैलाने काही होत नाही. माती चिकट, मध्येच खडक, आणि नांगर लाकडी. म्हणून वुकोमानचा शारोन्या डावीकडे, सिबिनचा मर्कोन्या उजवीकडे, अशी सावड. एक दिवस याच्या रानात, एक दिवस त्याच्या. बापांच्या काळापासून असंच चालत आलेलं. गाडीसुद्धा सावडीतच : पुढची चाकं आणि दांडी सिबिनची, मागची चाकं आणि साटा वुकोमानचा.

भांडण होतं दोन रानांमधल्या बांधाचं. नांगराचे तीन तास, म्हणजे तीन चर, मावतील एवढी पट्टी. सिबिनचं म्हणणं, वुकोमानने नांगर वळवता वळवता ती गिळली. वुकोमानचं म्हणणं, ती आजोबांपासून आमचीच. एकदा तालुक्याहून मोजणीदार आणला. तो दोघांकडे जेवला, दोघांकडची आलुबुखाराची दारू प्यायला, दोघांना वेगवेगळं बाजूला घेऊन ‘तुझंच बरोबर आहे’ म्हणाला आणि निघून गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

पण नांगरताना न बोलून कसं भागणार? म्हणून ते बैलांशी बोलत. आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या.

“मर्कोन्या,” वुकोमान उजव्या बैलाला म्हणे, “तुझ्या मालकाला सांग, फाळ बोथट झालाय. दगडावर कुणी हाणला ते देवाला ठाऊक.”

“शारोन्या,” सिबिन डाव्या बैलाला म्हणे, “तुझ्या मालकाला म्हणावं, दगड त्याच्याच रानातला होता.”

बैल मान खाली घालून चालत राहत. दोन्ही बाजूंचं इतकं ऐकून घेऊन कुणाचीच बाजू न घेणारं आमच्या गावात दुसरं कुणी नव्हतं.

पुढे दोर धरून वुकोमानची बायको मिलुंका चाले. दोन मुली लग्न होऊन डोंगरापलीकडे गेलेल्या, मुलगा नाही. तेव्हा दोर तिच्याच हाती. सिबिनला मूलच नव्हतं आणि तेही वुकोमाननेच केल्यासारखं त्याचं वागणं. मिलुंकाला त्या पट्टीशी देणंघेणं नव्हतं. तिला धास्ती एकाच गोष्टीची : एक दिवस या दोघांतला एक जण जूच्या शिवळा काढून आपला बैल घेऊन घरी जाईल, जोडी मोडेल आणि रान पडीक राहील. सिबिनची बायको क्रुनिया हिलाही तीच धास्ती. दोघी झऱ्यावर भेटत, पोटभर बोलत आणि घरी सांगत नसत.

त्या वर्षी, गव्हाची कापणी चालू असताना, दूरच्या एका शहरात कुणीतरी कुठल्याशा युवराजाला गोळ्या घातल्या. पहिले काही दिवस गावाने त्याचं फारसं मनावर घेतलं नाही. गहू झडायला आला होता. मग गावचा मुखिया तनास्को हातात कागद घेऊन खळ्यावर आला. अंगावर चांगला कोट, पायांत कापणीच्या वहाणा.

“त्या युवराजाच्या मोठ्या राज्याने आपल्याला पत्र पाठवलंय,” तनास्को म्हणाला. “दहा अटी. दोन दिवसांची मुदत.”

“मग?”

“आपण नऊ मान्य केल्या म्हणे.”

“आणि लढाई?”

“राहिलेल्या एकीवरून.”

वुकोमानने कपाळाचा घाम पुसला आणि मळणीत फिरणाऱ्या मर्कोन्याकडे वळला. “ऐकलंस? नऊ मान्य करूनसुद्धा लढाई होते. तुझा मालक एकही मान्य करत नाही, त्याचं काय होणार?”

“शारोन्या,” सिबिन म्हणाला, “तुझ्या मालकाला विचार, त्याने आम्हाला कधी अट लेखी दिली होती का?”

तनास्कोने दुसरा कागद उलगडला. तरुण पहिल्या बोलावण्यात निघालेच होते. पन्नाशीला टेकलेल्यांना बंदूक नव्हती, पण त्यांच्या बैलांना काम होतं. फौजेला पाव आणि तोफेचे गोळे ओढायला गाड्या हव्या होत्या. “प्रत्येक जोडी गाडीसकट,” त्याने वाचलं. “एका जोडीला एक माणूस. तुमच्यातला कोण?”

कुणीही पुढे झालं नाही आणि मागेही सरकलं नाही.

“घाबरू नका,” तनास्को म्हणाला. “एक जाईल, एक राहील. राहील तो दोन्ही घरांचं बघेल. चिठ्ठी टाकू.”

“मर्कोन्या,” वुकोमान हळू म्हणाला, “तुझ्या मालकाला सांग, शारोन्या त्याच्या काठीखाली मी एक दिवससुद्धा सोडणार नाही.”

“शारोन्या,” सिबिन म्हणाला, “तुझ्या मालकाला सांग, माझ्या बैलाला अर्धपोटी ठेवणाऱ्याच्या हाती मी त्याचा दोर देणार नाही.”

“अरे, पण सरकारने एकच मागितलाय!”

“सरकारला म्हणावं,” वुकोमान म्हणाला, “दुसरा वर फुकट.”

संध्याकाळी मिलुंकाने भाकरी पुढ्यात ठेवली आणि उभीच राहिली. “त्याला जाऊ दे. तू राहा. जोडी परत येईल तेव्हा येईल, निदान घरात माणूस तरी राहील.”

“आणि त्याने शारोन्याला उतारावर गाडीसकट रेटलं तर? त्याचा डावा पाय हळू पडतो, हे त्याला कुठे माहीत?”

“माहीत आहे. अकरा वर्षं मागे चालतोय तो त्याच्या.”

“माहीत असून मारेल,” वुकोमान म्हणाला आणि जेवायला लागला.

झऱ्यावर क्रुनिया हंडा भरत होती. “माझा तर बोलतसुद्धा नाही,” ती म्हणाली. “नुसता मर्कोन्याला खरारा करतोय. अगं, एवढं लग्नात मलासुद्धा कुणी घासलं नव्हतं.”

“मुखियाला सांगून एकाला अडवता येईल?”

“हे दोघं बैल असते ना, तर एकाला पाठवून एकाला दावणीला ठेवलं असतं. यांचं दोघांचं मिळून एकच डोकं आहे, आणि ते बैलांत आहे.”

तिसऱ्या दिवशी गाडी निघाली. सरकारने गणवेश म्हणून प्रत्येकाला एकेक टोपी दिली. बाकी सगळं ज्याचं त्याचं. घरचं बंडीजाकीट, घरच्या चामडी वहाणा, वर फौजेची टोपी. डावीकडून वुकोमान, उजवीकडून सिबिन. मिलुंका चर्चच्या वळणापर्यंत गेली. वुकोमान तिला म्हणाला, “खालच्या रानात गहू उशिरा पेरलास तरी चालेल. वरच्यात नको.” बस्स. एवढाच निरोप.

पुढच्या वसंतात दोघांना दहा दिवसांची रजा मिळाली. नांगरणीसाठी सगळ्यांनाच मिळाली होती. माणसं लढतात पण जेवतातसुद्धा, हे तोवर वरच्यांच्या लक्षात आलं असावं. हिवाळ्यात शत्रूला एकदा देशाबाहेर हाकललं होतं, आणि त्याच हिवाळ्यात उवांच्या तापाने त्याच्याहून जास्त माणसं मारली होती. वुकोमानचं डोकं भादरलेलं, कान मोठे दिसत होते. दोन्ही बैलांच्या मानेवर जू चावून कच्ची जखम झाली होती. मिलुंकाने डुकराची चरबी तापवली, त्यात राख कालवली.

“आधी त्याला,” वुकोमान म्हणाला.

तिने आधी शारोन्याची मान चोळली, मग मर्कोन्याची, मग नवऱ्याचे पाय. अंगठ्याचं नख काळं पडून निघालं होतं.

“काय करता तिथे?”

“ओढतो. जाताना पाव आणि गोळे. येताना माणसं.” उघडा अंगठा चाचपत म्हणाला, “येताना जड जातं.”

“आणि तो? बोलतो तुझ्याशी?”

“मला ताप भरला तेव्हा चौदा दिवस दोन्ही बैलांना त्यानेच खायला घातलं. शारोन्याला उलट थोडं जास्तच.” वुकोमानने पाय ओढून घेतला. “मला दाखवायला.”

दहा दिवसांत दोन्ही रानं नांगरली. एक दिवस याचं, एक दिवस त्याचं. पट्टीपाशी आल्यावर नांगर उचलून वळवायचा, तसा वळवला. अकराव्या दिवशी गाडी परत गेली.

शरद ऋतूत तीन बाजूंनी शत्रू आला. फौज हटत हटत दक्षिणेला गेली, मग देशाच्या बाहेरच गेली, डोंगरावरून समुद्राकडे. देश इथेच राहिला, त्यात बायका, म्हातारे आणि शत्रू. कुणी म्हणे फौज बर्फात गाडली गेली, कुणी म्हणे बेटावर पोचली, संत्री खाते. ओसोयेत एक सार्जंट आणि सहा शिपाई आले आणि त्यांनी याद्या केल्या. लोकर नेली. दारू गाळायची तांब्याची भांडी नेली. मग चर्चची घंटा उतरवली. ती उतारावरून नेताना एकदा वाजली, बायकांनी सवयीने क्रुसाची खूण केली.

शेत मात्र नांगरायचंच होतं, कारण यादीत गहूही होता. मिलुंकाची गाय आणि क्रुनियाची गाय जूखाली घातल्या. गायी जुंपणं ही आमच्याकडे लाजेची गोष्ट. घर बसलं म्हणजे गाय जुंपतात. पहिल्या दिवशी दोघींनी पहाटेच काम उरकलं, कुणी बघू नये म्हणून. चौथ्या दिवशी बघतात तर खाली तनास्कोची सून गाय जुंपून नांगरत होती, तिच्या खालीही एक. मग पहाटे उठायचं कारण उरलं नाही. दूध मात्र आटलं.

तिसऱ्या वर्षी गायी नेल्या.

“आता?” मिलुंकाने विचारलं.

क्रुनियाने जू उचलून पाहिलं, खाली ठेवलं, परत उचललं. “तू डावीकडे,” ती म्हणाली. “शारोन्याची बाजू तुझी. मी उजवीकडे. निदान सवय मोडायला नको.”

मागून नांगराची मूठ, रुमणं, धरायला तनास्को आला. साठीच्या पुढचा माणूस, मुखियापण शत्रूनेच चालू ठेवलेलं, म्हणजे शिव्या खायला कुणीतरी असावं. त्याने दोघींच्या खांद्यांवर पोतं दुमडून घातलं. पहिला तास अर्ध्यापर्यंत गेला आणि दोघी गुडघ्यांवर आल्या. मातीत तोंड घालून क्रुनिया हसायला लागली. “तनास्कोदादा, काठी आणली नाहीस का रे? काठीशिवाय मी चालत नाही.”

सार्जंट रस्त्यावर उभा राहून बघत होता. आधी हसला. मग हसायचा थांबला आणि काहीतरी बोलला. तनास्कोला त्यांची भाषा थोडी येत असे. “म्हणतो,” तनास्को म्हणाला, “याच्या गावीसुद्धा याची बायको असंच ओढते म्हणे.”

“मग तिकडे जाऊन रुमणं धर म्हणावं,” क्रुनिया म्हणाली.

तनास्कोने याचं भाषांतर केलं नाही.

दोघींनी मिळून वरचं अर्धं आणि खालचं अर्धं नांगरलं. बाकी पडीक. मिलुंकाच्या मानेवर डावीकडे, गळ्याच्या हाडापाशी, निबर गोळा आला तो कायमचा. रविवारी ती चर्चमध्ये मेणबत्ती लावी. आमच्याकडे वरच्या ताटात जिवंतांची मेणबत्ती, खालच्या ताटात मेलेल्यांची. ती वरच लावी. क्रुनियासुद्धा. इतक्या बायका वरच लावत की वरचं ताट वितळलेल्या मेणाने भरून वाही आणि खालच्यात वाळू नुसती दिसे. पाद्रीबुवा सांडलेलं मेण खरवडून काढत.

क्रुनिया शेवटच्या शरद ऋतूत गेली. लढाई संपायला आली होती, आणि नवाच एक ताप आला होता, तो याद्या करत नव्हता. चार दिवसांत ओठ निळे झाले.

“तो आला तर,” ती मिलुंकाला म्हणाली, “चांगली पँट पेटीत आहे म्हणावं. उवा नाहीत, मी बघितलंय.”

“तूच देशील.”

“आणि त्या पट्टीवरून भांडू नको त्याच्याशी. तुझी आहे की आमची, मला खरंच माहीत नाही. ओढताना मला दोन्हीकडे सारखीच जड लागली.”

मिलुंकाने तिला धुतलं. खांद्यावर तोच निबर गोळा, फक्त उजवीकडे.

सिबिन आला मार्चमध्ये. मिलुंका वरच्या रानात कुदळीने ढेकळं फोडत होती. खालच्या वळणावर माणूस दिसला : अंगात परदेशी फौजेचा कोट, पायांत बूट, चालणं सिबिनचं. ती त्याच्या मागे बघत राहिली. वळणावरून आणखी कुणी आलं नाही. तो पार जवळ आला तरी ती त्या वळणाकडेच बघत होती.

“वहिनी,” सिबिन म्हणाला.

“तो कुठाय?”

“चुकामूक झाली. डोंगरात. फार गर्दी होती.” त्याने टोपी काढली, घातली. “मला वाटलं, इकडे आला असेल.”

“इकडे नाही आला.”

“नाही का.”

“बैल?”

सिबिनने मान हलवली. मग मिलुंकाने त्याला क्रुनियाचं सांगितलं. तो तिथेच बांधावर बसला. पाऊस भुरभुरायला लागला तरी बसून होता. तिने पेटीतली पँट आणून दिली, ती त्याने मांडीवर घडी घालून ठेवली.

त्या वर्षी दोघांनी आपापलं रान कुदळीने खणलं. तिच्या दारात कधी सकाळी फोडलेली लाकडं रचलेली असत; सिबिन उंबऱ्याच्या आत येत नसे. तिने तीनदा विचारलं. तीनदा तो म्हणाला, गर्दी होती. चौथ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, “वहिनी, हजारो माणसं होती,” आणि कुऱ्हाड उचलून निघून गेला. जावई म्हणाले, आता काळं नेस. पाद्रीबुवा म्हणाले, गेल्याचा दिवस ठरव म्हणजे चाळिसाव्याचं, वर्षाचं करता येईल. पण दिवस कुठून आणणार? ती वरच्या ताटातच मेणबत्ती लावत राहिली. आता तिथे बरीच जागा झाली होती.

त्यापुढच्या वसंतात तनास्को परत कागद घेऊन आला. कोट तोच, आता कोपरावर ठिगळ. हरलेल्या देशांनी भरपाई द्यायची ठरलं होतं. वर काय काय मिळालं ते आम्हाला माहीत नाही, ओसोयेला अकरा बैल मिळाले. दोन घरांत एक.

“दोन घरांत एक म्हणजे अर्धा,” मिलुंका म्हणाली.

“सही कर बाई. अर्ध्याचीच कर.”

बैल पांढरट, उंच, गुडघ्यापर्यंत चिखल. आमच्या बैलांपेक्षा दीडपट. रेल्वेच्या डब्यातून चार दिवस आला होता आणि सगळ्यांकडे सारख्याच अविश्वासाने बघत होता. त्याला आमची कुठलीच हाक कळेना. सिबिनने जोडीला तनास्कोच्या सुनेची नवी गाय मागून आणली. जू दाखवलं तसा बैल मागे सरला. मानेवर टेकवलं तसा खाली बसला. सिबिनने शेपूट पिळलं, चुचकारलं, काठी मारली. बैल बसलेला. बांधावर जमलेली माणसं सांगत होती :

“अरे, तो हरलाय ना, त्याचं दुःख आहे त्याला.”

“जर्मनमधून शिव्या घाल, सिबिन. घातल्या असतील की तुला त्यांनी.”

मिलुंका बैलाभोवती फिरून आली. तिने त्याच्या मानेवरून हात फिरवला. जूचा घट्टा नव्हता. जिथे शारोन्याला होता, जिथे तिला स्वतःला होता, तिथे या बैलाला मऊ केस होते. मग तिने छातीखाली हात घातला. तिथे मात्र खांद्यापासून छातीपर्यंत गोलाकार केस झडून कातडं गुळगुळीत झालेलं.

“याला जू लावतच नव्हते,” ती म्हणाली.

“मग काय हवेने ओढत होता?”

“गळ्यात काहीतरी घालत असणार. घोड्यासारखं.”

तिने घरातली जुनी घोंगडी आणली, वळून तिचं जाड वेटोळं केलं, त्यावर पोतं शिवलं, दोन्ही बाजूंना दोर बांधले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला कुणी आलं नाही, गंमत संपली होती. वरच्या रानात ती, सिबिन आणि बैल. वेटोळं गळ्यात घातलं तसा बैलाने मान खाली केली, स्वतःहून. जसं कुणीतरी शेवटी त्याच्याशी सरळ बोललं.

“गाय कुणीकडे लावू?” सिबिनने विचारलं. “डावीकडे?”

“थांब.” तिने बैलाचा दोर ओढला.

बैल निघाला. एकटाच. नांगर मातीत शिरला आणि सिबिन रुमण्यावर वाकून मागे धावायला लागला. तास सरळ, खोल, ओला निघत गेला. शेजारी कुणी नाही, जोडीला कुणी नाही, आणि बैल चालतोय. रानाच्या टोकाशी तो थांबला. सिबिनने रुमणं सोडलं आणि मातीत बसला. मिलुंकाला वाटलं पायात काटा गेला.

“एकटा ओढतो,” सिबिन म्हणाला.

“दिसतंय की.”

“वहिनी, एकटा ओढतो.” त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. “मी हसलो होतो त्याला.”

“कुणाला?”

सिबिनने मातीचं ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं. “गर्दी होती हे खरं आहे,” तो म्हणाला. “चुकामूक नव्हती झाली.”

मिलुंका उभी राहिली. दोर तिच्या हातात होता.

“डोंगरापायथ्याच्या गावात हुकूम आला, गाड्या मधोमध करवतीने कापा. पुढे रस्ता अरुंद आहे, दोनच चाकं जातील. आमची कापली. पुढची चाकं माझी, मागची त्याची. तो म्हणाला, ‘मर्कोन्या, तुझ्या मालकाला सांग, मोजणीदाराला जमलं नाही ते सरकारने केलं.’ हसला होता तेव्हा. मीसुद्धा हसलो. मग वर चढलो, तर गाड्या जाळायचाच हुकूम. बर्फ गुडघ्याएवढं. मर्कोन्या कड्यावरून घसरला. पाय मोडला. शिपायांनी तिथेच कापला, मीसुद्धा खाल्ला, वहिनी, खोटं कशाला सांगू. त्याच्यापुढे तुकडा धरला. त्याने घेतला नाही.”

“मग?”

“मी शारोन्याला म्हणालो, तुझ्या मालकाला सांग, उद्या तुझी पाळी. नाहीतर दोघंही मरू. त्याने काही उत्तर दिलं नाही. देणार कुणाला? मर्कोन्या पोटात गेला होता.”

बैलाने शेपटीने माशी उडवली.

“सकाळी सगळी फौज खाली समुद्राकडे निघाली. त्याने शारोन्याचं तोंड उलटं फिरवलं. एका शिपायाने विचारलं, ‘म्हातारबाबा, कुठे?’ तर म्हणाला, ‘घरी. पेरायचंय. एक बैल तर आहे.’ मी मोठ्याने म्हणालो, त्याला ऐकू जाईल असं : ‘एका बैलाने काय ओढणार, शेपूट?’ शिपाई हसले. मीसुद्धा.”

“ऐकलं त्याने?”

“ऐकलं. थांबला. पाठ आमच्याकडे, पण थांबला होता तो.”

“किती वेळ?”

“वहाणेचा बंद बांधायला लागतो तेवढा.” सिबिनने दोन्ही हात तोंडावरून फिरवले, तोंडाला माती लागली. “मला वाटलं, येईल परत. एका बैलाने काय करणार, माझ्याकडेच येईल. हाक मारली असती तर आला असता. पण मारू कुणाला? शारोन्या त्याच्याजवळ होता. आणि त्याचं नाव… बारा वर्षं उच्चारलं नव्हतं मी. जिभेवर आलं होतं, वहिनी. तोंडाबाहेर पडेना.”

“मग गेला?”

“गेला. बर्फ पडत होतं. आधी तो दिसेनासा झाला, बैल जरा वेळ दिसत होता.”

मिलुंका रडली नाही, हे सिबिनने नंतर तनास्कोला सांगितलं. रडली असती तर बरं झालं असतं असंही म्हणाला. तिने दोर दगडाला गुंडाळला, सिबिनपाशी आली आणि त्याच्या कोटाची बाही धरून त्याला उठवलं. ओसोयेच्या वरच्या रानातून दक्षिणेचे डोंगर दिसतात, हवा स्वच्छ असली तर पार मागचे, पांढरे. त्या दिवशी स्वच्छ होती.

“हाक मार,” ती म्हणाली.

“आता?”

“आता.”

“वहिनी, चार वर्षं—”

“मला माहीत आहे किती. मार.”

सिबिनने डोंगरांकडे तोंड केलं. पहिल्या वेळी नुसता श्वास आला. त्याने घसा खाकरला, थुंकला, टोपी काढली.

“वुकोमान,” तो म्हणाला, समोर उभ्या माणसाला म्हणावं तसं.

“अशाने झऱ्यापर्यंतसुद्धा जाणार नाही.”

“वुकोमान!”

खालच्या आळीत कुत्रं भुंकलं. तनास्कोची सून परसात धुणं वाळत घालत होती, ती हातातलं कापड तसंच धरून वर बघायला लागली.

“वुको-माऽन! परत ये रेऽ!”

आवाज फाटला. मिलुंका मान किंचित कलती करून उभी होती, एक कान डोंगरांकडे. समोरच्या माणसाने ऐकायला, वळायला आणि उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती थांबली. त्याहून थोडा जास्तच.

“आणखी मारू?” सिबिनने विचारलं.

“उद्या,” ती म्हणाली, आणि रुमण्याकडे बोट दाखवलं.